पेटी उघडलेली बघायची होती

सोलापूरला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातला माणूस पहिल्यांदा विचारतो, "चादर आणली का?" मी चादर आणली नाही. शेंगाचटणी आणली, तीही निम्मी तिथेच लॉजवर संपवली. किल्ला रिक्षातून बघितला, सिद्धेश्वराला लांबूनच हात जोडले. तेव्हा सोलापुरात काय काय बघावं हे ज्यांना हवं असेल त्यांना माझा काही उपयोग नाही. मी तिथे एक पेटी उघडलेली बघायला गेले होते.

आधी पेटीचं सांगते. मी एका संग्रहालयाच्या शिक्षण विभागात आहे. विभाग म्हणजे मागच्या अंगाची एक खोली, एक लांब टेबल आणि मी. आमची प्रदर्शनं गावोगाव फिरतात. यंदाचं होतं जुन्या खेळण्यांचं. उत्खननात सापडलेले मातीचे बैल, चाकांच्या गाड्या, खुळखुळे, चिमणीच्या आकाराच्या शिट्ट्या. कधीकाळी कुणा पोराने खेळून टाकून दिलेल्या वस्तू आता काचेच्या कपाटात बसतात आणि शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी असते. खेळण्याला हात लावायचा नाही म्हणजे ताटासमोर बसून नुसता वास घ्यायचा. म्हणून प्रदर्शन त्या जिल्ह्यात जाण्याआधीच तिथल्या काही शाळांना आम्ही एकेक पेटी पाठवतो. तिच्यात त्याच खेळण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती असतात, शिक्षकांसाठी पुस्तिका असते, मुलांसाठी चित्रांची कार्डं असतात. मुलांनी आधी खेळायचं, मग येऊन खरी वस्तू बघायची, अशी कल्पना.

त्या प्रतिकृती मी करते. माती मळते, साच्यात भरते, कुंभाराकडून भाजून आणते आणि नवेपणा जाईपर्यंत घासत बसते. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिते, 'आधी मुलांच्या हातात द्या. माहिती नंतर सांगा.' पेट्या जातात, प्रदर्शन संपलं की परत येतात. मुलं मला कधी भेटत नाहीत. शाळेकडून अभिप्राय येतो, 'उपक्रम स्तुत्य आहे.' इतकी वर्षं मी स्तुत्य आहे, पण एखाद्या मुलाने माझा बैल हातात घेतल्यावर त्याचं तोंड कसं होतं हे मला माहीत नाही.

घरीही मी एकटीच. आई होती तोवर संध्याकाळी जाऊन सांगायला कुणी तरी होतं, आज गाडीचं चाक नीट बसलं, आज शिट्टी वाजली. आता मी ते बैलालाच सांगते. तो ऐकून घेतो आणि मधे बोलत नाही.

येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होते आहे. माझ्या जागी कुणी येणार नाही. त्यानंतरच्या नव्या प्रदर्शनांबरोबर पेटी नाही, एक स्क्रीन जाईल, त्यावर बोट फिरवलं की बैल गोल फिरेल. त्याबद्दल माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी साहेबांकडे एवढंच मागितलं की सोलापूरचं प्रदर्शन आवरताना पेट्या गोळा करायला मला जाऊ द्या. साहेब म्हणाले, "ते काम ड्रायव्हर करतो. तिथे तुमचं काय?" मी म्हटलं, वस्तू मोजून घेईन. हे त्यांना पटलं. खरं सांगितलं असतं, की मला मरायच्या आधी एकदा पेटीभोवती पोरं बघायची आहेत, तर बहुतेक रजेचा अर्ज द्या म्हणाले असते.

सात रस्ता

लॉज सात रस्त्याजवळ होता. सात रस्ते जिथे एकत्र येतात तिथे नवख्या माणसाला चुकायच्या सहा संधी असतात, आणि पहिल्या संध्याकाळी मी त्यातल्या बऱ्याचशा वापरल्या. शेवटी एका खानावळीसमोर उभी राहिले, तेव्हा दारातल्या माणसाने विचारलं, "मागनं कोन येनार हाय का?"

"नाही. एकटीच आहे."

"मग हितं बसा," म्हणून त्याने मला हात धुवायच्या बेसिनजवळच्या छोट्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाकीची टेबलं कुटुंबांसाठी. त्याचं काही चुकलं नाही. शुक्रवारची गर्दी होती, आणि चार जणांचं टेबल एका बाईने अडवून ठेवणं मलाही बरं वाटलं नसतं. पण भिंतीवरच्या टाइलकडे बघत जेवताना घास मोठा लागतो.

जेवण मात्र उत्तम. आमच्याकडे भाकरी कडक झाली की करणारीचा उद्धार होतो. इथे ती मुद्दाम पापडासारखी कडक करतात, चळतच्या चळत रचून ठेवतात, आणि ती कितीतरी दिवस टिकते. चुरायची, वर शेंगाचटणी, दही, कच्चं तेल. कुडुम कुडुम आवाज करत मी ताट स्वच्छ केलं. एकटं जेवायचं असेल तर आवाज करणारं जेवण बरं, असं माझं मत झालं.

आमचे ड्रायव्हर तांबोळी मूळचे सोलापूरचेच. भावाच्या घरी उतरले होते. गाडी लॉजपाशी लावताना म्हणाले होते, "मॅडम, जेवायला घरी चला की. वहिनीनं मटण टाकलंय." मी पुणेरी सवयीने "नको, कशाला त्रास" म्हटलं. सोलापूरचा माणूस अशा वेळी तीनदा म्हणतो, चौथ्यांदा हाताला धरून नेतो. तांबोळी इतकी वर्षं पुण्यात नोकरी करून शिकलेले, त्यांनी पहिलंच 'नको' ऐकलं आणि गेले. त्या टाइलसमोर बसून मी त्यांचा मनातल्या मनात फार राग केला.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. फाटकापासून रांगोळी, फळ्यावर माझं नाव, मैदानात मुलं ओळीने बसवलेली. मधोमध टेबल, टेबलावर लाल कापड, कापडावर माझी पेटी. पेटीला लाल फीत बांधलेली.

मुख्याध्यापक सर पुढे आले. स्वच्छ पांढरा शर्ट, चेहऱ्यावर मनापासूनचा आनंद. "या मॅडम. तुम्ही येणार असं कळवलंत, तेव्हापासून तुमचीच वाट बघतोय. म्हटलं, उद्घाटन तुमच्याच हस्ते."

"कशाचं उद्घाटन?"

"पेटीचं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. पेटी गणपतीच्या आधी शाळेत आली होती. आता दिवाळी होऊन गेली होती. आणि पेटी अजून उघडलीच नव्हती, कारण तज्ज्ञ व्यक्तीच्या हस्ते उघडायची होती, आणि ती तज्ज्ञ व्यक्ती मी होते.

मग स्वागतगीत झालं. प्रास्ताविक झालं. परिचय झाला, त्यात मी परदेशात जाऊन आले आहे असंही सांगण्यात आलं. मुलं उन्हात बसली होती. डिसेंबर असला तरी सोलापूरचं ऊन काही महिना बघून पडत नाही. पुढच्या ओळीतला एकजण पेटीकडे असा बघत होता की मला वाटलं, आता हा उठतो आणि फीत ओढतो. पण तो शहाणा मुलगा होता, बसून राहिला.

कात्री माझ्या हातात आली. फीत कापली, झाकण उघडलं. आत माझ्याच हाताने रचलेली कागदाची कात्रणं जशीच्या तशी होती. मी बैल उचलून वर धरला, टाळ्या झाल्या. मी हळूच सरांना म्हटलं, "आता मुलांकडे देऊ या."

सर माझ्याकडे झुकले. "फुटलं तर मॅडम?" आणि त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिथे आमच्या कार्यालयाने चिकटवलेली चिठ्ठी होती: 'सर्व वस्तू सुस्थितीत परत कराव्यात.' ती अक्षरं माझ्या पुस्तिकेतल्या अक्षरांपेक्षा मोठी होती. "तुमच्याच लोकांनी लिहिलंय. आपली शिस्तीनं चालणारी शाळा आहे."

मला शाल मिळाली, नारळ मिळाला. मुलं ओळीने वर्गात गेली. पेटी बघायला आलेली मी, पेटी मीच उघडली आणि मीच बंद केली. तांबोळींनी ती गाडीत ठेवली आणि म्हणाले, "झालं बगा एक काम." मी हो म्हटलं.

माळशिरस

सोमवारी सकाळी तांबोळींनी मला माळशिरस तालुक्यातल्या एका शाळेत नेलं. वाटेत दोन्ही अंगांना ऊस, पुढे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे ऊस लादलेल्या दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्यामागे आम्ही. आमच्याकडे रस्त्यात गाडी अडली की हॉर्न वाजतो. इथे तांबोळींनी काच खाली केली, शेजारून चालणाऱ्या बाईशी उसाच्या दराबद्दल बोलले, ट्रॉलीतून एक कांडं ओढून घेतलं, सोलून निम्मं मला दिलं. मी ते खात बसले. सगळ्या प्रवासात माझ्याशी कुणी काही वाटून खाल्लं ते तेवढंच.

शाळा दोन खोल्यांची, अंगणात कडुलिंब. गुरुजी वयाने माझ्याएवढे, बोलायला अघळपघळ. पेटीचं नाव काढलं तसे खुलले.

"मॅडम, पेटीला धक्का लागू दिला न्हाय. चला, दावतो."

ऑफिसात सरस्वतीच्या तसबिरीखाली पाटावर पेटी होती. झाकणावर हळदकुंकवाची बोटं, सुकलेल्या झेंडूची माळ.

"खंडेनवमीला पूजा केली," गुरुजी म्हणाले. "पोरांची पुस्तकं, खडू, फळा पुसायचं डस्टर आन् तुमची पेटी. समदी पोरं पाया पडली. म्हटलं, हजारो वर्सांचं हाय, लई भारी चीज हाय."

"अहो गुरुजी, हे हजारो वर्षांचं नाही. हे मी गेल्या उन्हाळ्यात केलंय."

गुरुजींचा चेहरा पडला, आणि मला आपण हे बोललो नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं. पाया पडलेल्या सगळ्या पोरांच्या वतीने त्यांनी माळ सरळ केली. मग म्हणाले, "असू द्या. नमस्कार काय वाया जातोय का?"

मी विचारलं, मुलं खेळली का. ते म्हणाले, "खेळायला कसं देणार? आमच्या पोरांचे हात म्हंजे. एक चरा न्हाय बगा, मोजून घ्या." त्यांनी झाकण उघडून एकेक वस्तू माझ्यापुढे ठेवली. खरंच चरा नव्हता. किती प्रेमाने जपलं होतं त्यांनी. बाहेर अंगणात त्यांची पोरं चिंचोके आणि बाटलीची झाकणं घेऊन खेळत होती, आणि चांगलं रंगलं होतं त्यांचं.

मी तिथेच पोरांना हाक मारून पेटी पालथी करायला हवी होती, असं आता तुम्ही म्हणाल. मलाही वाटलं. पण गुरुजींनी इतके महिने जी गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळली ती त्यांच्यासमोर मी उधळायची, हे माझ्याच्याने झालं नाही. आणि दुसरंही एक आहे. मला पोरांना खेळणी वाटायची नव्हती. मी गेल्यावर, मी नसताना, ती आपली आपण खेळतात का, ते मला बघायचं होतं. मी मधे उभी राहून वाटली तर तेही उद्घाटनच.

परतताना गुऱ्हाळावर थांबलो. कढईतला ताजा गूळ पळसाच्या पानावर घेऊन खाल्ला, जीभ भाजली. तांबोळी भावासाठी एक ढेप घेत होते. मला कुणासाठी घ्यायची ते आठवेना. तरी मीही घेतली.

संध्याकाळी वेळ होता म्हणून प्रदर्शन बघून आले. शेवटचे दिवस, दालनात मी आणि पहारेकरी. खऱ्या बैलासमोर मी बराच वेळ उभी राहिले. त्याचा एक कान नाही, पाठ गुळगुळीत झाली आहे. पाठ कशाने झिजली हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्या मानाने माझे बैल फार धडधाकट आहेत, एवढंच मला त्या दिवशी कळलं, आणि लॉजवर येऊन न जेवताच झोपले.

अक्कलकोट रोड

तिसरी पेटी होती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीलगत, यंत्रमागावर टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या कामगारांच्या वस्तीतल्या शाळेत. मंगळवारी दुपारी पोचलो. संध्याकाळी गाडी पुण्याला निघायची होती. मी काही आशा ठेवली नव्हती. फार तर हार नवा असेल, असं तांबोळींना म्हटलं.

कारखान्यांच्या मधल्या रस्त्याने जाताना मागांचा खटाखट आवाज गाडीच्या पत्र्यात भरतो. पाळी बदलत होती, सायकली आणि बाइक उलटसुलट चालल्या होत्या. शाळा त्या आवाजाच्या अगदी कुशीत. वर्गशिक्षिका शेख मॅडम तिशीतल्या, हातात खडू तसाच घेऊन बाहेर आल्या.

"पेटी ना? आहे की. या."

वर्गातल्या कोपऱ्यात पेटी होती. झाकण उघडं. आतल्या बाजूची कार्यालयाची चिठ्ठी कुणी तरी नखाने खरवडून काढलेली. आणि पेटी रिकामी. तळाशी कागदाची दोन कात्रणं आणि एक पेन्सिल.

मी विचारलं, "वस्तू कुठे आहेत?"

"घरोघरी," शेख मॅडम म्हणाल्या. "रोज एकेकाच्या नंबरानं नेतात. रात्री खेळायचं, सकाळी आणून दुसऱ्याला द्यायचं. आज निम्मी पोरं आलीच नाहीत, वस्तीत लग्न आहे. म्हणून राहिल्या."

"घरी न्यायला कुणी सांगितलं?"

"तुमच्या पुस्तकात लिहिलंय की. आधी मुलांच्या हातात द्या."

"घरी न्या असं कुठे लिहिलंय?"

"नेऊ नका असं तरी कुठं लिहिलंय?" त्या हसून म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. "चुकलं का काय मॅडम? शाळेत मागाचा आवाज, त्यात वर्गाचा पट पस्तिसाचा. हातात वस्तू आली की पुढचा ओढतो. म्हटलं, घरी निवांत बघतील."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं होतं, आणि मला आधी काय आठवलं, तर संध्याकाळची गाडी आणि साहेब. माणूस नोकरीत असा मुरतो. मी म्हटलं, "गोळा करायला हवं. आजच."

शेख मॅडमनी वर्ग शेजारच्या बाईंना सोपवला आणि आम्ही निघालो. तांबोळी रिकामी पेटी घेऊन मागून. त्यांच्या मागून एक मुलगी, दोन वेण्या, हिरव्या रिबिनी. नाव श्रावणी, चौथीतली. शेख मॅडम तिला दोनदा "वर्गात जा" म्हणाल्या, ती थोडी मागे राहायची आणि पुन्हा यायची.

पहिल्या घरी दाराशीच एक मुलगा बोटाने 'शूऽ' करून उभा. त्याचे वडील रात्रपाळी करून आत झोपले होते. माझा खुळखुळा त्याने जुन्या टॉवेलच्या तुकड्यात घट्ट गुंडाळला होता, म्हणजे आवाज येऊ नये. तरी तो कानाशी धरून हलवायचा. मला ऐकवला. कापडातून आतल्या खड्यांचा आवाज दबका, लांबून यावा तसा येत होता.

दुसऱ्या घरी बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. आजीबाईंनी तेलुगूत काही विचारलं, शेख मॅडमनी तेलुगूतच उत्तर दिलं. आमच्याकडे शेजारच्याची भाषा यायला क्लास लावावा लागतो. इथे मुसलमान बाई पद्मशाली आजीशी तेलुगूत, तांबोळींशी दखनीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होती आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. तिथली मातीची गाडी मी हातात घेऊन बघितली. एक चाक फुटलं होतं. त्या जागी मागावरच्या लाकडी कांडीचा, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळीचा, तुकडा कापून बसवला होता. गाडी एका अंगाला कलंडून चालायची, पण चालायची. वर टॉवेलच्या किनारीच्या चिंध्या भरलेल्या. "माल हाय," गाडीवाला पोरगा म्हणाला. "मुंबैला चाललाय."

शिट्टीची चोच गेली होती. ती फुंकली की चिमणीऐवजी घुबडासारखा आवाज येई, आणि तोच पोरांना जास्त आवडत होता. बैल सगळ्यात शेवटी मिळाला, लग्नघरात, मांडवाच्या खांबाला सुतळीने बांधून ठेवलेला, पुढे खरा कडबा. त्याचं एक शिंग मोडलं होतं आणि डिंकाने परत चिकटवलेलं होतं, उलटं. ज्याचा नंबर होता त्या पोराने कपाळाला मुंडावळ्यांसारखा दोरा बांधला होता. त्याने बैल सोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पानी पाजलंय."

मी बैल उलटासुलटा करून बघितला. पाठीवर हातांचा, तेलाचा, कशाकशाचा मळ बसून ती चकाकायला लागली होती. मी किती घासलं असतं तरी मला तशी जमली नसती.

परत शाळेच्या व्हरांड्यात आलो. वस्तू पेटीत लावताना मी मनाशी ठरवून टाकलं. ही पेटी मी घरी नेणार. निवृत्तीच्या वेळी साहेबांना म्हणेन, मला घड्याळ नको, ही द्या. बाहेरच्या खोलीत, आईचा पलंग होता तिथे मांडीन. संध्याकाळी आल्यावर दिवा लावला की समोर दिसेल. या विचाराने मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"मॅडम." श्रावणी खांबाला धरून उभी होती. "माझा नंबर उद्या हाय."

"कशाचा?"

"बैलाचा."

शेख मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हिचा शेवटचा नंबर. मधे टायफॉइड झाला, तेव्हा हुकला. घरी खोक्यात कडबा घालून ठेवलाय म्हणे." मग तिला म्हणाल्या, "अगं, पेटी परत चालली. पुण्याला."

मुलगी रडली नाही, हट्ट केला नाही. "मग माझा नंबर?" एवढंच परत विचारलं, हिशेब नीट लागत नाही तसं.

मी उत्तर देणार एवढ्यात फोन वाजला. साहेब होते. पेट्या मिळाल्या का? मी म्हटलं, दोन अगदी सुस्थितीत आहेत. तिसरीत मोडतोड आहे.

"दुरुस्त होण्यासारखी आहे का?" साहेबांनी विचारलं. "असेल तर घेऊन या. नसेल तर तिथल्या तिथे निर्लेखित करा, गाडीत उगाच ओझं नको."

निर्लेखित करणं म्हणजे वस्तू निकामी झाली असं जाहीर करून आमच्या दप्तरातून तिचं नाव काढून टाकणं. मग ती कुणाचीच राहत नाही. ज्याला हवी त्याने न्यावी.

शिंग सरळ करणं माझ्या अर्ध्या तासाचं काम. चाक आणि चोच एका दुपारचं. मला ती नीट करायचीसुद्धा नव्हती, आहे तशीच हवी होती. मी 'होईल दुरुस्त' म्हटलं असतं तर ती रात्री पुण्यात असती आणि मार्चनंतर माझ्या घरात. सगळ्या नोकरीत खेळली गेलेली माझी एवढी एकच पेटी होती.

"नाही साहेब," मी म्हटलं. "यातलं काहीच दुरुस्त होणार नाही. सगळं वाया गेलंय."

"मला वाटलंच. शाळेत दिलं की असंच होतं. बाकीच्या दोन पुढच्या जिल्ह्यात फिरवू. त्यांना काही झालेलं नाही ना?"

"नाही. त्यांना कुणी हातही लावलेला नाही."

फोन ठेवला तेव्हा तांबोळी माझ्याकडे बघत होते. मग पेटी उचलून परत वर्गाच्या कोपऱ्यात ठेवून आले. मी त्याआधी बैल बाहेर काढून घेतला होता. श्रावणीला म्हटलं, "तुझा नंबर आजच."

तिने शेख मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवल्यावर दोन्ही हात पुढे केले. बैल हातात आला तसा आधी पोटाशी धरला, मग अंगठ्याने त्याची पाठ चोळली, मग उलट्या शिंगाला नाक लावून वास घेतला. आणि एकदाही माझ्याकडे न बघता फाटकातून पळत सुटली. मी कोण, कुठली, बैल कुणी केला, काही तिने विचारलं नाही. मी फाटकापर्यंत गेले. गल्लीच्या टोकाला तिच्या रिबिनी दिसल्या, मग दिसेनाशा झाल्या.

शेख मॅडम म्हणाल्या, "थँक्यू म्हणायचं विसरली बघा. उद्या बोलते तिला."

मी म्हटलं, "काही बोलू नका."